आधी आटे, मग आकार

कुठलंही शाईपेन उलगडून टेबलावर मांडलं, तर त्यात लेथवर बनवण्याजोगे भाग तीनच निघतात: टोपण, शाईची नळी आणि बोटांनी धरायचा पुढचा तुकडा, ज्याला पेनवाले सेक्शन म्हणतात. निब, तिच्याखालची जीभ आणि शाई ओढून घेणारा कन्व्हर्टर हे विकत मिळतं, आणि नवशिक्याने ते विकतच घ्यावं. निबेच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो, तो चिरून, घासून, घोटून लिहिता केलेला असतो. तो वेगळाच धंदा आहे. जर्मनीत योवो आणि बॉक, आपल्याकडे कानपूरची कॅनराइट असे मोजके लोक तो करतात.

मग लेथवर उरतं काय? तीन पोकळ नळ्या आणि त्या एकमेकींत बसवणारे आटे. पेन देखणं दिसतं ते बाहेरच्या आकारामुळे. पण ते गळत नाही, सुकत नाही, टोपण नीट बसतं, हे सगळं आतली भोकं आणि आटे ठरवतात. बहुतेक नवशिके आधी छान सिगारच्या आकाराचा दांडा कातून ठेवतात आणि मग त्यात भोक पाडायला जातात. तोवर तो दांडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, सरळ धरायला जागाच उरलेली नसते. म्हणून ह्या कामात आकार अगदी शेवटी येतो.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीत के. व्ही. रत्नम यांनी १९३०च्या दशकात एबोनाइटची पेनं लेथवर करायला सुरुवात केली. त्यांचं पेन गांधीजींपर्यंत पोचलं ते ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत, आणि १९३५ साली वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं. राजमहेंद्रीत आजही पेनं बनतात. तमिळनाडूत, केरळात, हैदराबादेतही ही परंपरा टिकून आहे. तिथले जुने कारागीर हत्यार हातात धरून कातकाम करतात, आणि त्यांच्या हाताला जे माप कळतं ते आपल्याला डायलवर वाचावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही.

लेथ कोणता

लाकूडकामाच्या छोट्या लेथवरही पेन करता येतं आणि बरेच जण तसं करतात. पण निवड हातात असेल तर धातुकामाचा छोटा लेथ घ्यावा. बाजारात तो मिनी लेथ म्हणून मिळतो. वजन ४० किलोच्या आसपास, घरच्या सिंगल फेजवर चालणारा, मजबूत टेबलावर मावणारा. त्याच्या स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, साधारण २० मिमीचं आरपार भोक असतं, म्हणजे १६ किंवा १८ मिमीचा रॉड मागून पुढे सरकवता येतो. टूल कॅरेजवर, म्हणजे सरकत्या बैठकीवर, घट्ट बांधलेलं असतं आणि ते आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर मिलिमीटरचे शतांश वाचता येतात. आटे बसवायच्या कामात ही डायलच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

लेथसोबत तीन जबड्यांचा चक येतो. तो कामचलाऊ आहे. तीन जबडे मऊ रॉडवर वळ उठवतात आणि रॉड काढून पुन्हा लावला की तो किंचित वाकडा फिरतो. पेनाच्या भागांची सतत काढघाल होते, त्यामुळे पहिला जादा खर्च कॉलेट चकवर करावा. ईआर ३२ जातीची कॉलेटं २० मिमीपर्यंतचा रॉड चहूबाजूंनी सारखा धरतात, वळ उठत नाहीत. घेताना एवढं पाहा, की चक स्पिंडलच्या तोंडावर बोल्टने बसणारा असावा. स्पिंडलच्या आत शंकूसारखा ठोकून बसणारा स्वस्त पडतो, पण तो आरपार भोक बुजवून टाकतो. मग लांब रॉड मागे सरकवता येत नाही आणि प्रत्येक तुकडा आधी करवतीने कापून घ्यावा लागतो.

दुसरा खर्च टॅपचा (आतले आटे पाडणारं हत्यार) आणि डायचा (बाहेरचे आटे पाडणारं), आणि तो खुपतो. निबेचं जे तयार युनिट मिळतं, म्हणजे निब, जीभ आणि त्यांना धरणारी प्लॅस्टिकची आटेदार नळी, त्यातल्या योवोच्या ६ नंबरच्या युनिटला ७.४ मिमी व्यासाचे, अर्ध्या मिमी पिचचे, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांत अर्धा मिमी अंतर असलेले, आटे असतात. हा टॅप पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सहज मिळेल अशी आशा धरू नका. पेनवाल्यांसाठी साधनं विकणाऱ्यांकडूनच तो मागवावा लागतो. टोपणाच्या आट्यांचंही तेच. पेनवाले टोपणासाठी तिहेरी आटे वापरतात, बहुधा १३ मिमी व्यास आणि ०.८ मिमी पिच. तिहेरी म्हणजे एकाच दांड्यावर तीन वेगवेगळे आटे, १२० अंशांच्या अंतरावर सुरू होऊन एकमेकांशेजारून पुढे जाणारे. आटा बारीकच राहतो, पण एका फेऱ्यात टोपण ०.८ ऐवजी २.४ मिमी पुढे सरकतं. चार मिमी लांबीचे आटे असतील तर एकेरी आट्याला पाच फेरे लागतील, तिहेरीला पावणेदोन. बँकेत सही करायला उभं राहिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

खर्च पेलत नसेल तर १२ किंवा १४ मिमीचे, १ मिमी पिचचे साधे एकेरी टॅप-डाय घ्या. टोपण उघडायला वेळ लागेल, १४ मिमीत पेन जरा जाडजूड होईल, पण चालेल. जुन्या देशी पेनांची टोपणं अशीच चार-पाच फेऱ्यांची असत.

रॉड

सुरुवात एबोनाइटने करावी की अ‍ॅक्रिलिकने, यावर पेनवाल्यांत मतभेद आहेत. माझं मत एबोनाइटच्या बाजूने आहे. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. १९व्या शतकाच्या मध्यापासून ते वापरात आहे. ते गोडीने कापलं जातं, टूलखालून लांब फितीसारखा कीस निघतो, आटे स्वच्छ पडतात आणि चूक झाली तरी ते सहसा तडकत नाही. हाताला ते उबदार लागतं. गैरसोयी दोन: कापताना गंधकाचा वास येतो, आणि उन्हात ठेवलं तर काही वर्षांत काळ्यावर तपकिरी-हिरवट झाक चढते. त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये, मास्क लावायचाच.

अ‍ॅक्रिलिक रंगीत आणि चकचकीत, पण उष्णतेला हळवं. शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की ते मऊ पडतं, आणि बोथट ड्रिलच्या टोकाशी एवढी उष्णता सहज तयार होते. मग ते ड्रिललाच चिकटतं किंवा आतून बारीक तडे जातात, जे पॉलिश केल्यावरच दिसतात. लाकूड पहिल्या पेनासाठी नकोच. त्यात बारीक आटे टिकत नाहीत आणि शाई मुरते. आत एबोनाइटचं अस्तर घालावं लागतं.

रॉड १६ मिमीचा घ्या. अजूनही सुतात मोजणाऱ्या दुकानदाराकडे पाच सूत मागितलं तरी चालेल, फरक दशांश मिमीचा.

कागदावरचा अर्धा तास

लेथ सुरू करण्याआधी पेनाचा उभा छेद कागदावर काढा, शक्यतो चौपट मोठा. हे टाळण्याचा मोह फार होतो. पण पेनाच्या भिंती किती पातळ होतात हे छेद काढल्याशिवाय डोळ्यांना पटत नाही.

नळीचं तोंड घेऊ. तिच्या बाहेरून टोपणाचे १३ मिमीचे आटे आहेत; त्यांची खाच साधारण १२ मिमी व्यासापर्यंत आत जाते. आतून सेक्शन बसवायचे आटे आहेत; समजा १० मिमीचे, १ मिमी पिचचे. म्हणजे दोन्ही खाचांच्या मध्ये भिंत उरली १२ वजा १०, भागिले दोन: एक मिमी. हे चालतं. पण टोपणाला १२ मिमीचे आटे घेतले आणि आतले १० मिमीचेच ठेवले, तर भिंत अर्ध्या मिमीवर येते आणि पेन एकदा खाली पडलं की नळीचं तोंड उडतं. तेव्हा आतलेही कमी करून ९ मिमीवर आणावे लागतात. टोपणाचंही तसंच: आत १३ मिमीचे आटे आणि बाहेरून साडेपंधरा मिमी, म्हणजे भिंत सव्वा मिमीची. त्यावर बाहेरून शोभेसाठी खोल खाच काढायची नाही, हे इथे कागदावरच कळतं.

निब, युनिट, कन्व्हर्टर यांची मापं व्हर्नियरने स्वतः घ्या. पत्रकात छापलेलं माप आणि हातातली वस्तू यांत थोडाफार फरक असू शकतो.

नळी

आता लेथ. रॉड कॉलेटमध्ये धरा, दोन सेंटिमीटरच्या आसपासच बाहेर ठेवा. जितका जास्त बाहेर तितका तो टूलच्या दाबाने वाकतो. आधी फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं. मग सेंटर ड्रिलने छोटी खूण. ती न करता लांब ड्रिल लावलं तर ते भरकटतं आणि भोक तिरपं जातं.

भोक पाडताना वेग कमी ठेवा, मिनिटाला ४००-५०० फेरे. तीन-चार मिमी आत गेलं की ड्रिल बाहेर काढा, कीस झटका, पुन्हा आत. अ‍ॅक्रिलिकला साबणाच्या पाण्याचे थेंब द्या. घाई करायची जागा ही नव्हेच. १० मिमीच्या आट्यांसाठी ९ मिमीचं भोक लागतं, आणि त्यातून कन्व्हर्टरही आत जातो. भोक किती खोल, ते कन्व्हर्टरची लांबी ठरवते. बंद टोकाला चार-पाच मिमी भरीव राहू द्या, कारण पुढे तिथे गोलाई काढायची आहे.

बाहेरच्या बाजूने आट्यांच्या जागेचा व्यास कातताना तो १३ पेक्षा किंचित कमी, १२.९ च्या जवळ ठेवा. मऊ पदार्थ डायखाली थोडा फुगतो. १६ मिमीच्या रॉडला हजार फेऱ्यांचा वेग दिला तर टूलखालून मिनिटाला सुमारे ५० मीटर पृष्ठभाग सरकतो, एवढं पुरे. टूल हायस्पीड स्टीलचं आणि केस कापेल इतकं धारदार असावं. धातूसाठी गोल कड केलेलं कार्बाइडचं टूल प्लॅस्टिक कापत नाही, रेटतं.

आटे पाडताना मोटर बंद. प्लगच काढून ठेवा. डाय टेलस्टॉकमधल्या (चकच्या समोरच्या सरकत्या आधारातल्या) होल्डरमध्ये, जो दांडीवर पुढेमागे मोकळा सरकतो. एका हाताने चक फिरवायचा, दुसऱ्याने होल्डर धरून डाय अलगद पुढे द्यायचा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवल्याने कीस तुटतो. डाय टेलस्टॉकच्या रेषेत असल्यामुळे आटे सरळच पडतात. नुसत्या हातात धरून पाडलेले आटे जवळजवळ नेहमी कलतात आणि मग टोपण नळीशी वाकडं उभं राहतं. आतला टॅपही असाच, टेलस्टॉकच्या आधाराने.

आट्यांच्या मुळाशी, जिथे डाय पोचत नाही, तिथे बारीक खाच आधीच काढून ठेवा. नाहीतर टोपण, आणि पुढे सेक्शनही, पूर्ण बसत नाही, केसभर फट राहते, आणि ती फट कितीही पॉलिश केलं तरी जात नाही.

सेक्शन

सगळ्यात लहान आणि सगळ्यात नाजूक तुकडा. त्याच्या मागच्या टोकाला बाहेरून १० मिमीचे आटे, पुढून निब युनिट बसायला आत ७.४ मिमीचे. त्यासाठीचं भोक ६.९ मिमी. पुढच्या तोंडाशी युनिटची कड बसेल एवढी रुंद पायरी ठेवावी लागते. मागून कन्व्हर्टरचं तोंड आत शिरतं, म्हणून तिथलं भोक मोठं.

दोन्ही टोकांची भोकं एकाच अक्षावर यायला हवीत. त्यासाठी शक्य तेवढी भोकं एकाच धरणीत, मोठ्याकडून लहानाकडे पाडून घ्या आणि मगच तुकडा रॉडपासून वेगळा करा. उलटा फिरवून धरायची वेळ आली तर कॉलेटमध्ये आटे चिरडू नका. एबोनाइटच्याच एका भंगार तुकड्यात १० मिमीचे आतले आटे पाडा, तो कॉलेटमध्ये धरा आणि सेक्शन त्यात फिरवून बसवा. असे धरायचे तुकडे पेनवाल्यांच्या खणात डझनाने पडलेले असतात, आणि प्रत्येक आट्यासाठी आतला आणि बाहेरचा असे दोन करून ठेवले की पुढचं सगळं काम सोपं होतं.

बोटांच्या जागेचा व्यास साडेदहा-अकरा मिमी बऱ्याच हातांना मानवतो. पुढच्या टोकाला छोटा उंचवटा सोडला तर बोट निबेवर घसरत नाही.

जुन्या देशी पद्धतीत युनिट नसतंच. सेक्शनमध्ये सरळ भोक, त्यात निब आणि एबोनाइटची जीभ एकत्र दाबून बसवायची, आणि शाई ड्रॉपरने थेट नळीत. आटे एका ठिकाणचे वाचतात, शाई कन्व्हर्टरच्या कितीतरी पट मावते. पण हे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेनासाठी राखून ठेवा. दाबून बसणारं भोक किंचितही मोठं झालं की शाई तिथून पाझरते, आणि सेक्शनचे आटे आता शाई अडवण्याचं काम करतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं. शिवाय रिकाम्या होत आलेल्या नळीतली हवा हाताच्या उबेने फुगते. २७ अंशांची हवा ३४ वर गेली तर ती सव्वादोन टक्क्यांच्या आसपास पसरते. नळीत तीन मिलिलिटर हवा असेल तर ०.०७ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते, म्हणजे एखाद-दीड थेंब. शर्टाच्या खिशासाठी तेवढा पुरतो. एबोनाइटची जाड भिंत ऊब सावकाश आत जाऊ देते आणि खाचा असलेली जीभ जादा शाई काही प्रमाणात सामावून घेते, म्हणून हे पेन मुळात चालतं.

टोपण

टोपणाचं भोक पायऱ्यांचं असतं. तोंडाशी आट्यांसाठी १२.२ मिमी, त्याच्या आत सेक्शन मावेल एवढं, आणि सर्वांत आत फक्त निबेपुरतं. मधल्या पायरीचं काम महत्त्वाचं: टोपण पूर्ण फिरवलं की सेक्शनची पुढची कड त्या पायरीवर टेकली पाहिजे. मग निबेभोवती छोटीशी बंद खोली तयार होते आणि शाई सुकत नाही. पायरी दोन दशांश मिमी लांब राहिली तर पेन रोज सकाळी रुसलेलं सापडतं. दोन दशांश आखूड झाली तर टोपण नळीला टेकतच नाही. पायरीची खोली बोरिंग टूलने, डायलवर वाचत, थोडी थोडी वाढवा आणि दरवेळी निबेविना सेक्शन घालून बघा. निब सगळ्यात शेवटी. ६ नंबरची निब सेक्शनच्या पुढे २० मिमीहून जास्त असते, तिच्या टोकापुढे दोन-तीन मिमी मोकळी जागा हवी.

क्लिप पहिल्या पेनाला नको. तिच्यासाठी टोपणाच्या डोक्यावर वेगळा आटेदार तुकडा करावा लागतो, म्हणजे आणखी एक टॅप आणि एक डाय. टेबलावरून गडगडू नये म्हणून हवं तर नळीची एक बाजू कानसीने किंचित सपाट करा.

आकार आणि पॉलिश

आता तीनही भाग एकमेकांत बसतात, आणि पेन एखाद्या जाड खडूसारखं दिसतंय. नळी धरायच्या तुकड्यावर फिरवून बसवा, बंद टोकाला गरज लागेल तेव्हा टेलस्टॉकचा आधार द्या, आणि हवा तो आकार काता. सेक्शन आणि नळी एकत्र जोडून शेवटचा अगदी हलका काप एकाच वेळी घेतला तर सांधा बोटाला लागत नाही. टोकाची गोलाई कातून मग कानसीने आणि कागदाने पूर्ण करावी.

पॉलिशला ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात, मग ६००, १०००, १५००, २०००. प्रत्येक कागद ओला करून, आणि पुढच्या कागदाआधी लेथ थांबवून लांबीच्या दिशेनेही घासायचं, म्हणजे आधीच्या कागदाचे गोल ओरखडे शिल्लक असतील तर दिसतात. अ‍ॅक्रिलिकला शेवटी प्लॅस्टिक पॉलिश. एबोनाइट १०००वर थांबवून मॅट ठेवलं तर ते अधिक खुलतं; आरशासारखं चकाकणारं एबोनाइट मला तरी उगाच नटवलेलं वाटतं. कागद धरताना तो बोटांना गुंडाळू नका. फिरत्या रॉडने कागद ओढला तर बोट सोबत जातं. हातमोजे, सैल बाह्या, मोकळे केस लेथजवळ नकोत, आणि चकची किल्ली चकमध्ये एक क्षणही राहू द्यायची नाही.

अडलात तर जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरला विचारा. भोसरीत, अंबडला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्य लेथवर घालवलेली माणसं आहेत. पेनाबद्दल त्यांना ठाऊक नसेल, पण टूलची उंची सेंटरला आहे का, धार का जाते, बोरिंग टूल का थरथरतं, हे ती बघून सांगतात.

पेन जुळवल्यावर सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. आत राहिलेला कीस जिभेच्या खाचेत अडकला तर शाई अडते आणि दोष उगाच निबेला मिळतो. मग साधी, धुऊन जाणारी निळी शाई भरा. एक रात्र पेन आडवं ठेवा, एक रात्र टोपण लावून निब खाली करून. टोपणाच्या आत थेंब नसेल आणि सकाळी पहिल्याच रेघेला शाई उतरली, तर आटे आणि पायरी दोन्ही जमली आहेत. चमकीच्या किंवा पक्क्या काळ्या शाया पहिले काही महिने ह्या पेनात भरू नका.